उजवीकडून आलेली निळी रेघ

"पाणी वाढलं म्हणे, बाई. तोंड गोड करा आमचं."

सर्व्हिस टॅक्सीचा ड्रायव्हर आरशात बघून हे म्हणाला तेव्हा मी दारात अडकलेला कोटाचा कोपरा सोडवत होते. तो माझ्याशीच बोलतोय हे मला आधी कळलंच नाही. सकाळी दुसऱ्या दवारकडे, म्हणजे दुसऱ्या गोल चौकाकडे, जाणाऱ्या या गाड्यांत पाच अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही, निदान कॉफी पोटात उतरेपर्यंत तरी नाही. मी पाणीखात्यात आकडेवारी बघते. अम्मानमध्ये हे कोणाला सांगण्यासारखं काम नव्हे, कारण सांगितलं की समोरचा एकच विचारतो, आमच्या गल्लीची पाण्याची पाळी मंगळवारची गुरुवारी का गेली. म्हणून मी सांगतच नाही. पण हा ड्रायव्हर मला ओळखत होता. "तुम्हीच ना त्या? निळ्या रेघेवाल्या? माझ्या बायकोने तर गच्चीवरची दुसरी टाकी विकायला काढलीय. म्हणते, आता कशाला दोन-दोन." मी म्हटलं, पाणी वाढलं असं कोणी सांगितलं तुम्हाला? तो आरशातल्या आरशात हसला. "घ्या. तुम्हीच की."

माझ्या शेजारी एक बाई कागदाच्या पुडीतले हिरवे बदाम मिठात बुडवून खात होती. तिने मिठाची बोटं स्कर्टला पुसली, फोन काढला आणि काही न बोलता माझ्या नाकासमोर धरला. आवाज बंद होता. गाडीत सभ्य माणसं आवाज बंद ठेवूनच बघतात. त्या एवढ्याशा चौकोनात मी होते, राखाडी कोटातली, पडद्याच्या कोपऱ्यात उभी, हात हलवणारी, सभागृहाकडे तोंड आणि चित्राकडे पाठ. आणि माझ्या पाठीमागे उजवीकडून एक निळी रेघ निघाली. तिच्या टोकाला एक थेंब होता. तो थेंब भिंतीवर चढणाऱ्या मुंगीसारखा तुरुतुरु वर चढत गेला, वर्षं सरकत होती, थेंब चढत होता, आणि डावीकडे अगदी वर पोचल्यावर तो फुटून त्याचे छान तुषार उडाले. लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत मंत्रीसाहेब टाळ्या वाजवत होते. मी मान लववत होते. माझे ओठ मला वाचता येत होते, कारण ते वाक्य मीच लिहून पाठ केलं होतं: आपले झरे आटत चालले आहेत. "किती गोड थेंब आहे," बदामवाली बाई म्हणाली. "माझा नातू दिवसातून दहादा बघतो." तिने मला दोन बदाम दिले. मी ते हातात तसेच धरून खाली उतरले, नको तिथे, एक दवार आधी, आणि उरलेला चढ पायी चढताना माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

काय झालं असणार ते चढ संपायच्या आत मला कळलं होतं. ही रेघ मीच तयार केलेली. डावीकडे वर सुरू होते, आमच्या झऱ्यांना पाणी होतं त्या दिवसांत, आणि उजवीकडे उतरत उतरत आजच्या दिवसाला तळाशी येते. सरळ गोष्ट आहे, मुलालाही कळेल. पण कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम बघून आमचे हिकमतसाहेब म्हणाले होते, हे फिरंगी दिशेने चालतंय. आपले लोक उजवीकडून वाचतात. चित्र उजवीकडून चालव. ते आमच्या चित्रकार नायफला म्हणाले होते, मला नाही. मी मध्ये तोंड घातलं, साहेब, अक्षरं उजवीकडून असली तरी आकडे आपणही डावीकडूनच लिहितो, असू द्या तसंच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नाच्या जेवणात मीठ कमी आहे म्हणाले. मग मी घरी गेले, कारण बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. नायफकडे एक रात्र. त्याने काय केलं असेल? चित्र उलटं चालवलं. शेवटाकडून सुरुवातीकडे. उजवीकडून निघालं, साहेब खूश. मग त्याच्या लक्षात आलं असणार की वर्षंही उलटी पळताहेत, तेव्हा तेवढी त्याने सुलटी करून घेतली. वर्षं सुलटी, रेघ उलटी. बस्स. एवढ्यात एका देशाचं पाणी वाढलं.

नायफ जागेवर फलाफलचा सँडविच खात बसला होता. हा माणूस पूर्वी लहान मुलांच्या वाहिनीवर बोलणारी गाढवं आणि नाचणारी वांगी काढायचा. मनाने चांगला. माझ्या थेंबालाही त्याने पहिल्यांदा डोळे काढले होते, मोठे, पापण्यांसकट, आणि ते पुसून घ्यायला मला आठवडा लागला होता. "पुसले नसते तर थेंबाने तरी पाहिलं असतं कुठे चाललोय ते," असं मी त्याला म्हणाले तेव्हा त्याने घास गिळला, चित्र लावलं, डोकं एकदा उजवीकडे कलवलं, एकदा डावीकडे, आणि मग सँडविच हळूच कागदात गुंडाळून ठेवला. "इंसाफबाई," तो म्हणाला, "मी रात्रभर ते चारशे वेळा पाहिलं असेल. मी फक्त ते झटका न घेता चालतंय का, एवढंच बघत होतो." त्याच्यावर रागावून काय करणार? मी स्वतः तर पाठ करून उभी होते. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड, हे आम्हाला तीन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलेलं, गरम सँडविच आणि प्रमाणपत्र देऊन.

हिकमतसाहेबांनी मात्र एका नजरेत सगळं ओळखलं आणि जराही विचलित झाले नाहीत. मरमियाच्या सुगंधी पानांचा चहा फुंकत ते म्हणाले, "बसा. माझं एक ऐका. तुम्ही इतकी वर्षं तक्ते दाखवलेत. लोकांच्या काय लक्षात राहिलं?"

"काही नाही."

"आता काय राहिलं?"

"खोटं."

"पण राहिलं ना?" ते खुर्चीत मागे रेलले. "टॅक्सीवाले बोलताहेत. मंत्रीसाहेबांच्या सूनबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकलंय. आपल्या खात्याची आठवण लोकांना आजवर नळ कोरडा पडला की यायची. सोमवारच्या बैठकीत तेच दाखवायचं."

सोमवारची बैठक म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. साल्ट शहराच्या पलीकडच्या डोंगरात, माझ्या वडिलांच्या गावावर, ऐन लोझच्या झऱ्याच्या माथ्यावर बाटलीबंद पाणीवाल्यांना खोल विहिरी पाडायच्या होत्या आणि त्यांना परवानगी द्यायची की नाही ते सोमवारी ठरणार होतं. ती निळी रेघ ऐन लोझचीच होती. मी ती मुद्दाम निवडली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढंच मला सांगायचं होतं, आणि आता त्यांच्या हाती मीच भरलेला आड दिला होता. मी म्हटलं, साहेब, चूक झाली असं सांगून टाकू. ते म्हणाले, "कोणाला? मंत्रीसाहेबांना? की साहेब, तुम्ही उलट्याला टाळ्या वाजवल्यात?" मी म्हटलं, निदान दुरुस्ती छापू. ते म्हणाले, "छापा की. बारीक टाइपात. माझी ना नाही." आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, अगदी मायेने म्हणाले, "बोलायचं ते बोला हो तुम्ही. तुमचं तोंड कोण धरतंय? चित्र मात्र तेच राहील." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. आणि माझं नाव इंसाफ. लहानपणापासून ज्याला त्याला याच नावावरून थट्टा सुचते, आणि दर वेळी त्याला वाटतं की आपल्यालाच पहिल्यांदा सुचली.

घरी आले तर बाबा बाल्कनीत बसलेले, फोन कानाला लावून. मला वाटलं कोणाशी बोलताहेत, पण त्या फोनमधून माझाच आवाज येत होता, चिरका, सभागृहातला. शेजारच्या मुलीने त्यांना ती फीत भरून दिली होती. त्यांनी तो फोन दुकानातल्या जुन्या ट्रान्झिस्टरसारखाच धरला होता. बाबांचं न्हाव्याचं दुकान होतं, खाली बाजारात, आणि चाळीस वर्षं त्या दुकानात वस्तरा आणि रेडिओ एकदमच सुरू व्हायचे. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळला तरी बातम्या संपेपर्यंत वस्तरा उचलायचा नाही, असा त्यांचा नियम. "आलीस का, बाबा," ते म्हणाले. आमच्याकडे बाप लेकीला बाबा म्हणतो, आई लेकाला आई म्हणते, मावशी भाचीला मावशी. मायेचं माणूस स्वतःचंच नाव धाकट्याला देऊन टाकतं. मी त्यांना बाबा म्हणते आणि ते मला बाबा म्हणतात, त्यामुळे आमच्या घरात कोण कोणाला हाक मारतंय ते बाहेरच्याला कळत नाही. शिवाय एकुलती एक मुलगी असून ते स्वतःला अबू इंसाफ, इंसाफचा बाप, म्हणवून घेतात. लोक त्यांना न झालेल्या मुलाचं नाव लावायला बघत, तर ते वस्तरा दाखवत.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

"बाबा, किती वेळा?"

"छान बोलतेस. चित्रही छान आहे म्हणतात सगळे." मग फोन मांडीवर ठेवून म्हणाले, "शुक्रवारी ऐन लोझला नेशील का, बाबा?"

आई गेल्यापासून त्यांनी ऐन लोझचं नाव काढलं नव्हतं. सात वर्षं मी म्हणतेय चला, बदाम फुललेत, चला, आईच्या कबरीवर जाऊन येऊ, आणि ते म्हणत, काय ठेवलंय तिथे. आणि आता स्वतः होऊन. आता त्यांना कोणी सांगायचं की बाबा, तुमच्या लेकीच्या पाठीमागे जे पाणी चढलं ते पाणी नाही, नायफ आहे? मी भांडी आपटली. खरोखर आपटली. टॅक्सीवाल्याचा राग, साहेबांचा राग, गॅसची गाडी गल्लीतून तीच ती धून वाजवत जाते तिचाही राग, सगळा एका पातेल्यावर काढला. डोळे अधू झालेला म्हातारा माणूस, त्याचा एक आनंद, आणि तो मी हिरावून घ्यायचा. काचबिंदूला आमचे लोक निळं पाणी म्हणतात. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत निळं पाणी उतरलंय. कडेचं दिसत नाही, पण समोरचं दिसतं असं डॉक्टर दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते, आणि बाबाही विचारलं की म्हणतात, दिसतंय की. या देशात पाणी वाढलं असेल तर ते एवढ्या एकाच ठिकाणी.

आणि ऐन लोझ नुसतं म्हटलं तरी मला आईचा ओला खांदा आठवतो. सुट्टीत आम्ही गावी जायचो, तिथे घरात नळ नव्हता, बायका मातीचे घडे घेऊन झऱ्यावर. खडकातून पाणी असं यायचं की घड्याच्या तोंडाला हात लावून तो धरावा लागे, नाहीतर धारेने सरकायचा. घड्याळ कोणाकडे असणार? बायका घडा धारेखाली धरून फातिहा, ती कुराणातली छोटी प्रार्थना, म्हणायच्या, आणि ती म्हणून होईतो घडा भरलेला. एक फातिहा, एक घडा. कोणाचा लहान, कोणाचा मोठा, त्याप्रमाणे घाईने किंवा सावकाश म्हणायची. मला वाटायचं, फातिहा पाणी भरण्यासाठीच असते. आई गेली त्या दिवशी लोक हात पसरून ती म्हणायला लागले तेव्हा, इतकी मोठी घोडी मी, पण मनात पहिल्यांदा आलं ते हेच की आता कोणाचा घडा भरतोय. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. मी नोकरीत आल्यावर तोच झरा यंत्राने मोजला, वर्षानुवर्षं मोजला, त्याचे तक्ते केले, तक्ते कोणी पाहीनात म्हणून त्याची रेघ केली, रेघ कोणी पाहीना म्हणून ती चालती केली. चालत्या रेघेवर माझा खरंच विश्वास होता. वाटायचं, आकडा झोपलेला असतो, तो उठून चालू लागला की माणूस बघतोच. बघतो, खरंच बघतो. पण आकडा कुठे चाललाय ते बघत नाही.

शुक्रवारी निघताना बाबांनी स्वयंपाकघरातून चहाचा काचेचा पेला घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि मांडीवर ठेवला. पेला कशाला, मी विचारलं. "लागेल," ते म्हणाले. मला कळलं, म्हणजे मला कळलं असं वाटलं: झऱ्याचं पाणी पेल्याने प्यायचंय. साल्ट मागे टाकेपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. बाबा, ते चित्र, असं मी म्हणायचे, आणि दर वेळी ते खिडकीची काच खाली करून हुंगत म्हणायचे, "बदाम आले," किंवा "इथे कोणीतरी झातारचा पाला वाळत घातलाय," आणि माझं वाक्य तिथेच विरायचं. वाक्यं माझ्याकडे होती. आकड्यांवर बोट ठेवून बोलायची सवय असलेल्या बाईला आपल्या बापाशी बोलता येऊ नये याचाच मला सगळ्यांत जास्त वैताग आला होता. शेवटी मी ठरवलं, नाही सांगायचं. नेऊन उभं करू. पाहतील. मला बोलावं लागणार नाही. हा भेकडपणा आहे हे मला कळत होतं, पण तो सोयीचा होता.

पायवाटेवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुंड तसंच होतं, दगडी, काठ झिजलेला, तळाला वाळलेलं शेवाळ पापुद्र्यांसारखं उचललेलं. खडकाच्या ओठावरून एक थेंब लोंबत होता. तो बराच वेळ विचार करून पडला. मग दुसरा जमायला लागला. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आता कोसळेल, आता कोसळेल. बाबा हसरा चेहरा करून उभे होते, मान जराशी तिरकी. पण ते कुंडाकडे पाहतच नव्हते. ते पाहत होते भलतीकडे, बदामाच्या झाडाकडे, झाडाच्याही पलीकडे.

"आलो का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या नजरेसमोर हात हलवून पाहिला.

"बाबा, आलो का आपण?"

"आलो," मी म्हटलं. मग म्हटलं, "बाबा, तुम्हाला किती दिसतं?"

"काय दिसायचंय आता. उजेड दिसतो." त्यांनी हे पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. "तू रोज थेंब घालतेस, तुला कशाला सांगू. तुला वाटतं उपयोग होतोय, तर वाटू दे म्हटलं."

"मग ती फीत? रोज लावून..."

"ऐकतो की. पाहायचं काय त्यात? तू सांगतेस ना सगळं. आपले झरे आटत चालले आहेत. ऐन लोझ, जिथे एका फातिहेत घडा भरत होता, तो असाच उपसा राहिला तर दोन वर्षांत थांबेल." माझंच वाक्य, माझ्याच आवाजाच्या चढउतारांसकट, बातम्या पाठ असलेल्या माणसासारखं त्यांनी म्हणून दाखवलं. "शेजारची ती पोरगी म्हणते, अबू इंसाफ, पाणी वाढतंय. मी म्हटलं, गाढवे, माझी मुलगी काय म्हणतेय ते ऐक ना." त्यांनी टॉवेल सोडला, पेला चाचपून बाहेर काढला. डोळ्याला आणि झऱ्याला आमच्या भाषेत शब्द एकच, ऐन. ते म्हणाले, "माझे दोन ऐन तर गेले. म्हटलं तिसरा जायच्या आत भेटून यावं. कुठे पडतंय ते? हात धर."

मी त्यांचा हात धरून खडकाच्या ओठाखाली नेला. पेला काठावर टेकवला. पहिला थेंब काचेत पडला तेव्हा आवाज झाला, आणि तो आवाज ऐकून बाबांनी डोळे मिटले, म्हणजे उगाचच, आणि फातिहा सुरू केली. तोंडातल्या तोंडात, दुकानात गिऱ्हाईक नसताना म्हणायचे तशी. संपली. पेल्याचा तळही झाकला नव्हता. त्यांनी पुन्हा सुरू केली. मी सवयीने फोन काढला. मोजायची सवय हो, दुसरं काही नाही. फोन दगडाला टेकवून फीत घ्यायला लावला आणि बसले. थेंब. फातिहा. थेंब. मला वाटलं, आता पुरे, आता बंद करावं, कोपर दगडावर दुखायला लागलं, एक माशी आली, माझ्या मनात सोमवार येऊन गेला, साहेब येऊन गेले, फ्रिजमधला कोबी येऊन गेला, आणि पेल्यात बोटभरही नव्हतं. मी वैतागले. ओरडावंसं वाटण्याइतकी वैतागले. आणि तेव्हा मी त्या फोनच्या चौकोनात नीट पाहिलं. पेला डावीकडून भरत नव्हता. उजवीकडूनही भरत नव्हता. त्याला उलटं कसं करणार?

बाबांचा आवाज बसत चालला होता, पण ते थांबेनात. "बाबा, पुरे," मी म्हटलं.

"घडा भरल्याशिवाय उठायचं नाही, असं तुझी आई म्हणायची," ते म्हणाले, आणि परत पहिल्यापासून.

सोमवारी नायफला मी फीत दिली. त्याने ती शेवटपर्यंत पाहिली, एकदाच, आणि नुसतंच विचारलं, "याला काही करायचंय का? नाव, रंग?" मी म्हटलं, हात लावायचा नाही. "साहेब माझी चामडी लोळवतील," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "लोळवू देत. वांगी काढायला परत घेतील मला."

सभागृहात थंडगार हवा सोडली होती. टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, पाणीवाल्यांनीच पाठवलेली. त्यांचे तिघे जण दुसऱ्या रांगेत, नकाशांच्या नळकांड्या मांडीवर घेऊन. मंत्रीसाहेब मध्ये. मी सगळ्यांना नमस्कार केला, म्हटलं, ऐन लोझ, गेल्या शुक्रवारी, आणि शिकवल्याच्या बरोबर उलट लोकांकडे पाठ करून पडद्याकडे तोंड केलं. पडदाभर पेला उभा राहिला. थेंब पडला. कोणीतरी कौतुकाने हुंकार भरला, आता निळी रेघ निघेल म्हणून. निघाली नाही. थेंब पडला. बाबांचा आवाज येत होता, मोठ्या स्पीकरमधून, खरखरीत. एक फातिहा झाली. दुसरी सुरू झाली. मागच्या रांगांत खुर्च्या करकरल्या. कोणी खोकलं. बाटलीचं झाकण उघडल्याचा कर्र आवाज झाला आणि मग ती बाटली कोणी तोंडाला लावल्याचं काही ऐकू आलं नाही. तिसरी. मी हळूच मान वळवून पाहिलं. एका म्हाताऱ्या सचिवांनी हात उघडून मांडीवर ठेवले होते, आपण काय करतोय हे न कळता, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्या शेजारच्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यानेही हात उघडले. मंत्रीसाहेब घड्याळ पाहत होते. मग त्यांनी घड्याळ पाहणं सोडलं आणि पेल्याकडे पाहायला लागले, कपाळाला आठ्या घालून, जसं मी दगडावर बसून पाहत होते तसं. सगळं सभागृह वैतागलं होतं. मला किती दिवसांनी बरं वाटत होतं.

हिकमतसाहेब वाकून वाकून माझ्यापर्यंत आले. त्यांच्या तोंडाला मरमियाचा वास येत होता. "इंसाफबाई," ते कुजबुजले, "फीत अडकलीय का? जरा भरभर चालवायला सांगा."

"अडकलेली नाही, साहेब," मी म्हटलं. "याहून भरभर ते येत नाही."